युगांडातला हापसा आणि आपली एप्रिलची सुट्टी

पत्र, थोडक्यात : पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती घरातली २२ वर्षांची एक वाचक लिहिते. बी.कॉम. झालं आहे, वर्षभर एका सी.ए.च्या ऑफिसात काम करते. तिच्या मंडळीच्या (चर्चच्या) युवक संघातले बारा जण एप्रिलअखेरीस तीन आठवड्यांसाठी युगांडाला निघाले आहेत, जिंजा शहराच्या पलीकडच्या चार खेड्यांत. कार्यक्रम असा : मुलांसाठी सुट्टीतली शास्त्रशाळा, रोज संध्याकाळी सुवार्तासभा, एक वैद्यकीय शिबिर, बंद पडलेल्या हातपंपांची दुरुस्ती आणि एका अनाथाश्रमाला भेट. माणशी खर्च १,६०,००० रुपये, त्यातला निम्मा ओळखीपाळखीच्यांना पत्रं पाठवून उभा करायचा. पप्पा म्हणतात, "आपल्याकडची खेडी संपली का?" ऑफिसातली मैत्रीण म्हणते, "म्हणजे धर्मांतराची सहल!" पाळकसाहेब म्हणतात, पाचारण असेल तर पैशाकडे बघू नकोस. 'मला मनापासून जायचंय,' ती लिहिते, 'पण मी ना डॉक्टर ना इंजिनिअर. मला नुसता हिशोब येतो. तिथे जाऊन मी करणार काय? जाऊ का?'

प्रिय मैत्रिणी,

'मला नुसता हिशोब येतो' हे तू जाता जाता लिहिलंयस, पण माझा डोळा तिथेच अडकला. त्याकडे येतेच. आधी कार्यक्रमाचा कागद समोर घेऊ. 'जाऊ का'चं उत्तर तुझ्या मनात जेवढं आहे त्याहून जास्त त्या कागदावर आहे.

सुवार्तासभांपासून सुरुवात करू. युगांडात पाचांतली चाराहून जास्त माणसं ख्रिस्ती आहेत. प्रोटेस्टंट मिशनरी तिथे १८७७ मध्ये पोचले, कॅथलिक १८७९ मध्ये. १८८५ ते १८८७ या काळात बुगांडाच्या (आजच्या युगांडातलं एक राज्य) राजाने विश्वास न सोडणाऱ्या तरुणांना मारलं, कित्येकांना जिवंत जाळलं. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी ३ जूनला राजधानी कंपालाजवळच्या नामुगोंगोला जो जनसागर लोटतो, त्यातले कितीतरी लोक दिवसचे दिवस पायी चालत आलेले असतात, आपल्याकडची वारी आठवावी असे. तुम्ही ज्या खेड्यात सुवार्ता सांगायला निघालात तिथे रविवारी तुमच्यापेक्षा मोठी मंडळी भरत असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा तुझ्या मैत्रिणीचा टोमणा अर्धा तरी चुकीच्या पत्त्यावर गेलाय. पण अर्धाच. जिंजाच्या आसपासच्या बुसोगा भागात मुसलमान वस्तीही बरीच आहे. परक्या देशातून आलेल्या बारा जणांनी चौकात लाऊडस्पीकर लावून चार संध्याकाळी सभा घ्यायच्या आणि विमानात बसायचं. त्यातून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जी कुरबुर होईल ती तिथल्या पाळकाने वर्षभर निस्तरायची. म्हणून सभा हव्यात का, हे तिथल्या पाळकाला विचारा. हव्या असतील तर बोलणारा तो असावा, तुम्ही मागे बसून गाणी म्हणा. मराठी गीतं म्हणा. ती त्यांनी ऐकलेली नाहीत, इंग्रजी ऐकलीत.

इथे नेपाळला निघालेल्या गटांसाठी दोन ओळी, कारण तशीही पत्रं येतात. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. पण तिथल्या २०१५ च्या राज्यघटनेच्या कलम २६ नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. तुमच्या उत्साहाची झळ तुमच्या यजमानालाही लागते, आणि त्याला परतीचं तिकीट नसतं.

आता 'पाचारण'. पाळकसाहेबांचा शब्द मी हलका करत नाही. फक्त त्याला एक साधा प्रश्न जोडते : बोलावलं कोणी? देवाने बोलावलं असेल तर ते तुझ्या आणि त्याच्यामधलं आहे. पण त्या खेड्याने बोलावलं का? लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो तेव्हाच्या सूचना पुन्हा वाच. थैली नको, झोळी नको, ज्या घरात उतराल तिथेच राहा, समोर वाढतील ते खा, घरं बदलत फिरू नका. पाठवलेला माणूस तिथे रिकाम्या हाताने, यजमानाच्या भरवशावर पोचतो. तुमच्या कागदावर तर तीन आठवड्यांत चार खेडी आणि पाच कामं आहेत.

बहुतेक दौरे असे आखले जातात : इथला गट दौरे जुळवून देणाऱ्या मधल्या संस्थेला विचारतो, 'आम्ही एप्रिलमध्ये मोकळे आहोत, काय करता येईल?' संस्था यजमान मंडळीला कळवते. यजमान मंडळी 'नको' म्हणत नाही, कारण पाहुण्याला नाही म्हणणं तिथे आपल्यासारखंच जड जातं, आणि पाहुण्यांमागून पैसे येतात हे त्यांना ठाऊक असतं. मग एप्रिल का? परीक्षा संपतात म्हणून. युगांडाच्या त्या भागात मार्च ते मे हा मोठा पावसाळा. पेरण्या, खुरपण्या चालू. लाल मुरमाच्या रस्त्यांवर गाडी रुतते, माणसं पहाटेपासून शेतात. तुमच्या शास्त्रशाळेसाठी मुलं जमवायची म्हणजे कामाच्या दिवसांत घरातले छोटे हात काढून घ्यायचे. आपल्याकडे मृगाच्या पावसात कुणी शिबिर घ्यायला आलं असतं तर गावकरी काय म्हणाले असते? डिसेंबर ते फेब्रुवारी किंवा जून-जुलै हे तिथले कोरडे महिने. सुट्टी तुमची असेल, हंगाम त्यांचा आहे.

म्हणून यजमान मंडळीच्या पाळकाला आणि तिथल्या एखाद्या बाईला (महिला मंडळाची प्रमुख असेल तर उत्तम) मधल्या संस्थेला वगळून थेट लिहा. चार गोष्टी विचारा. याआधी आलेल्या गटाने काय केलं आणि त्यातलं आज काय शिल्लक आहे? तुम्ही कोणता महिना निवडला असता? कार्यक्रमातलं कोणतं काम तुम्ही स्वतः मागितलं? आणि चौथा, जो कुणी विचारत नाही : आम्ही आलो नाही, फक्त मदत पाठवली, तर तुम्हाला वाईट वाटेल की बरं? या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तरी ते वाचता येतं. 'तुम्ही याच, आमची मुलं तुम्हाला भेटू दे' असं मनापासून आलं तर निम्मी शंका मिटली.

आता हापसा. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

युगांडाच्या खेड्यात जो हातपंप दिसेल त्याला तिथे 'यू-टू' म्हणतात. तो म्हणजे आपला इंडिया मार्क टू, थोड्याफार फरकाने. आणि त्या मार्क टूचे पूर्वज आपल्याच मातीतले. आधीचे बिडाचे पंप एका घराच्या वापरासाठी बनवलेले. गावाने दिवसभर हापसलं की मोडायचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मराठवाड्यातल्या दुष्काळी भागात बोअर मारणाऱ्या मिशनच्या लोकांनी जालन्यात पोलादी पंप तयार केला, पुढे सोलापुरात तो सुधारला गेला, आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने त्यावरून इंडिया मार्क टू उभा राहिला. थोडक्यात, मिशनच्या कामाचा जो तुकडा महाराष्ट्रातून युगांडाच्या खेड्यापर्यंत खरोखर पोचला, तो हा. तो पोचला कारण जालन्यातल्या लोकांनी पंप कुठे मोडतो ते वर्षानुवर्षं बघितलं होतं.

बारा नवशिक्यांनी तो 'दुरुस्त' करायचा म्हणजे काय, ते समजून घे. हापसा चालतो पण पाणी थोडंच येत असेल, तर बहुधा खालच्या सिलिंडरमधलं वाटीच्या आकाराचं वॉशर झिजलेलं असतं. वॉशर तळहातावर मावतं. पण ते जमिनीखाली तीस मीटरवर आहे. मार्क टूमध्ये ते बदलायचं तर सगळी पाइपलाइन वर काढावी लागते : तीन-तीन मीटरचे दहा पाइप, त्यांच्या आत तेवढ्याच सळ्या. सव्वा इंची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांचंच वजन शंभर किलोच्या घरात, वर सळ्या आणि आतलं पाणी. एकेक पाइप उचलायचा, खालचा क्लॅम्पमध्ये घट्ट धरायचा, वरचा पान्ह्याने सोडवायचा. क्लॅम्प नीट आवळला नाही आणि पाइप निसटला की अख्खी माळ बोअरमध्ये. मग गळ टाकून ती काढायला वेगळी हत्यारं आणि वेगळा माणूस लागतो. काल पाणी थोडं तरी येत होतं, आज काहीच नाही, आणि तुमचं विमान परवा.

दुसरा प्रकार आणखी फसवा. पाणी लाल येतं, लोखंडाची चव लागते, चहा काळा पडतो. बायका म्हणतात पंप बिघडला आणि पुन्हा उघड्या झऱ्यावर जातात. पंप ठणठणीत असतो. तिथलं पाणी आम्लधर्मी असल्याने जी.आय. पाइप आतून खाल्ला गेलेला असतो. तुम्ही पुण्याहून पैसे जमवून नवे जी.आय. पाइप घातले तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा तेच. युगांडा सरकारने २०१६ मध्ये हातपंपांना नवे जी.आय. पाइप बसवणंच थांबवलं, ते यामुळे. स्टेनलेस स्टील किंवा यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) लागतं. हे तिथल्या पंप मेकॅनिकला माहीत असतं. हो, तिथे मेकॅनिक आहेत, जिल्हावार त्यांच्या संघटना आहेत. तुमच्या कागदावर त्यांचा उल्लेख नाही, हे मला खटकलं.

मेकॅनिक असताना पंप बंद का राहतो? आता तुझ्या हिशोबाकडे येऊ. प्रत्येक पंपाची गावात पाणी समिती असते, तिने घरटी महिन्याला थोडे पैसे जमवायचे, त्यातून वॉशर, साखळी, मेकॅनिकची मजुरी भागवायची. समज, साठ घरं आणि घरटी हजार शिलिंग : महिन्याला साठ हजार, वर्षाला सात लाख वीस हजार. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात पहिले चार महिने पैसे येतात, पंप चालू असल्याने खर्च होत नाही, खजिनदाराकडे रक्कम साठते, कुणीतरी कुजबुजतं, पाचव्या महिन्यात निम्मी घरं देत नाहीत, आठव्या महिन्यात वॉशर जातं तेव्हा पेटीत काही नाही. आपल्या सोसायट्यांच्या मेंटेनन्सचं याहून वेगळं काय होतं?

तिथल्या समितीला हवं असेल, हवं असेल तरच, तर तू खजिनदाराशेजारी दोन दिवस बस. टॅली नको, एक्सेल नको. एक वही : तारीख, घर, रक्कम, शिल्लक, दोघांच्या सह्या. मोबाइलवरून पैसे पाठवणं तिथे खेड्यापाड्यांत रुळलंय, त्याची नोंद वेगळ्या रकान्यात. मेकॅनिककडून सुट्या भागांचे आजचे भाव लिहून घ्यायचे आणि वर्षाला किती लागतील ते समितीने ठरवायचं. महिन्यातून एकदा उपासनेनंतर शिल्लक मोठ्याने वाचायची. कदाचित खजिनदार तुझ्यापेक्षा चांगली वही ठेवत असेल. मग तिच्याकडून शीक आणि आपल्या युवक संघाची वही तशी ठेव. (तुमच्या युवक संघाची वही कशी आहे, हे मी विचारत नाही.)

यात पप्पांच्या प्रश्नाचंही थोडं उत्तर आहे. 'आपल्याकडची खेडी संपली का?' हा प्रश्न खरा आहे, पण अनेकदा तो घरी बसण्यासाठी वापरला जातो. पप्पांना विचार, मग या उन्हाळ्यात आपण दोघं पुरंदरला जाऊ का? तालुक्याच्या पंचायत समितीकडे हातपंप दुरुस्ती पथक असतं. अर्ज करून एक दिवस त्यांच्यासोबत फिरण्याची परवानगी मागा. क्लॅम्पवर पाइप तोललेला एकदा बघितलास की युगांडाला जाऊन पान्हा हातात घ्यायचा मोह आपोआप जाईल. आणि पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेली कितीतरी मुलं राहतात, घर भाड्याने मिळवताना काय काय ऐकून घेतात ते त्यांना विचार. तुमची मंडळी बारा जणांना आफ्रिकेत पाठवायला १९,२०,००० रुपये उभे करते आहे. यातल्या एखाद्याला रविवारी उपासनेनंतर जेवायला बोलावलंय का कधी? युगांडाचं कुणी भेटलं तर निघण्याआधीची तुमची सगळ्यात चांगली शाळा तीच.

तिथे तू 'मुझुंगु', म्हणजे गोरी, नसशील. तू 'मुयिंडी' असशील, भारतीय. या शब्दामागे इतिहास आहे. ब्रिटिशांच्या काळात गेलेले भारतीय तिथे दुकानदार, जिनिंगवाले, साखर कारखानदार झाले; १९७२ मध्ये इदी अमीनने त्यांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला; पुढे काही परतले. जिंजाच्या मुख्य रस्त्यावरच्या जुन्या इमारतींवर गुजराती घराण्यांची नावं अजून दिसतील. खेड्यातल्या माणसाच्या मनात 'भारतीय' म्हणजे बहुधा मालक, गल्ल्यावर बसणारा. म्हणून तू त्यांच्या स्वयंपाकघरात बसून केळी सोललीस तर ते त्यांच्या लक्षात राहील. केळी म्हणजे मटोके, हिरवी, उकडून खायची. सोलताना हाताला चिकट चीक लागतो, आधी तेल लाव. जिंजाकडची भाषा लुसोगा, पण लुगांडाही तिथे समजते; त्या लुगांडातले दोन शब्द पाठ कर : भेटल्यावर 'ओली ओट्या', आभाराला 'वेबाले'. काम करणाऱ्या माणसाजवळून जाताना 'वेबाले एमिरिमु' म्हणतात, कामाबद्दल आभार. असा शब्द आपल्याकडेही असायला हवा होता. गुडघ्याखाली जाणारा कपडा घाल, सलवार-कमीज चालतो.

कागदावरची उरलेली कामं चटकन उरकते, कारण त्यात तोलण्यासारखं फारसं नाही.

अनाथाश्रमाची भेट रद्द करा. अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे, शाळेच्या आशेने मुलं तिथे येतात. पाहुणे आणि त्यांच्या देणग्या जितक्या जास्त, तितकी मुलं घरी परत पाठवण्याची घाई कमी. शिवाय दर महिन्याला नवी ताई येऊन मिठी मारते आणि चार दिवसांनी जाते, याची त्या वयात सवय लागणं वाईट. शास्त्रशाळा घ्यायचीच तर तिथल्या संडे स्कूलच्या शिक्षकांनी घ्यावी, तुम्ही खडू-फळा धरा. कुठल्याही मुलाबरोबर तुमच्यातलं कुणी एकटं असू नये, आणि मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत. फाटक्या शर्टातलं पोर आणि शेजारी तू, असला तर मुळीच नको. तुझ्या भाच्याचा तसा फोटो कुणा परक्याच्या स्टेटसवर चालेल का?

वैद्यकीय शिबिराचं : तुमच्यातल्या डॉक्टर-नर्सला तिथल्या कौन्सिलची परवानगी नसेल तर त्यांनी रुग्ण तपासू नयेत. घरोघरच्या उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या बॅगेत भरून नेणं ही तर आपल्याकडची जुनी खोड. दान म्हणून औषधं न्यायलाही तिथल्या औषध प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतानुसार अशी औषधं पोचताना निदान वर्षभर टिकणारी असावीत. तपासून गोळ्या देऊन निघून गेलात, तर ब्लड प्रेशरच्या रुग्णाला दुसऱ्या महिन्याची गोळी कोण देणार? जवळच्या आरोग्य केंद्राला काय कमी पडतं ते विचारा आणि ते कंपालातच विकत घ्या. जुने कपडे नेऊ नका. कंपालात जुन्या कपड्यांचा बाजार आपल्या कल्पनेबाहेर मोठा आहे.

पैशाचं. 'पैशाकडे बघू नकोस' हे ज्याचे पैसे आहेत त्याने म्हणायचं असतं. तुझी मावशी पाच हजार देईल तेव्हा ते विमानाला जातात की हापशाला, हे तिला कळलं पाहिजे. अंदाजपत्रक मागून घे. त्यात तिकीट, व्हिसा, लस, विमा, गाडी, मधल्या संस्थेचा वाटा हे सगळं असेल. यजमान मंडळीचा रकाना शोध. नसेल तर ती बारा माणसांना तीन आठवडे कशातून खाऊ घालणार? पाहुणा आला की तिथे कोंबडी कापतात. मदतीच्या पत्रात 'गरीब मुलांसाठी' लिहू नकोस, ते खरं नाही. असं लिही : 'मी युगांडातल्या एका मंडळीकडे तीन आठवडे पाहुणी म्हणून, शिकायला जाते आहे. खर्च इतका, त्यातले इतके प्रवासाचे, इतके यजमानांचे. जाणं रद्द झालं तर तुमचे पैसे परत करीन.' पत्रं कमी उत्तरं आणतील, आणू दे. रक्कम मंडळीच्या खात्यात, पावतीसह. तुझ्या यूपीआयवर नको. मंडळीचा ट्रस्ट स्वतः पैसे घालणार असेल तर आधी तुझ्या साहेबांनाच विचार. धर्मादाय ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च करण्यावर आयकर कायद्यात बंधनं आहेत आणि हे युवक संघाच्या बैठकीत कुणाच्या गावीही नसतं.

हे सगळं पाहून तू जायचं ठरवलंस, तर तयारीचं लिहिते. दहा आठवडे हाताशी ठेव. पासपोर्ट नसेल तर मुंढव्याचं केंद्र, साधा छत्तीस पानी १,५०० रुपये. पोलीस पडताळणीत घोळ होतो तो बहुधा भाड्याच्या घराच्या पत्त्यावरून. पासपोर्ट हातात आल्याशिवाय यलो फीव्हरची लस घेता येत नाही, कारण लसीच्या प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तकात पासपोर्टचा नंबर लिहितात. पुण्यात ही लस ए.एफ.एम.सी. (लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय इथे मिळते. ठरावीक दिवशी आणि आधी नाव नोंदवून, म्हणून बारा जणांची नावं एकदमच घाला. अंड्याची ॲलर्जी किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून चालतं आणि आता आयुष्यभर चालतं. ते हरवलं तर परतताना मुंबई विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जाशील. त्याला लॅमिनेशन करू नकोस. ते झालं की व्हिसा ऑनलाइन, पर्यटकाचा पन्नास डॉलर. पर्यटक व्हिसावर काम चालत नाही, बिनपगारीही. तुमचा कार्यक्रम त्यात बसतो का हे यजमानांनी तिथल्या इमिग्रेशनला विचारून लेखी कळवावं. अर्जात 'सफारी' लिहून सुवार्तासभेचे फोटो टाकणारे गट असतात. तुम्ही तसं करू नका. नकली कारणाने साक्ष द्यायला जाणं काही बरं दिसत नाही.

मलेरियाची गोळी डॉक्टरच ठरवतील, पण चूक कुठे होते ते सांगते. डॉक्सिसायक्लिन दिलं तर निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून, तिथे रोज, आणि परतल्यावर आणखी चार आठवडे घ्यायचं. म्हणजे २ + २१ + २८, एक्कावन्न कॅप्सूल. लोक एकवीस घेऊन जातात आणि पुण्यात आल्यावर तापाने पडतात. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. ऊन बाधतं, टोपी ठेव. मच्छरदाणी इथूनच ने. व्हिक्टोरिया सरोवर कितीही सुंदर दिसलं तरी त्यात आणि नाईलच्या काठाला पाय घालू नकोस. गोगलगायींतून येणारा बिल्हार्झियाचा कृमी कातडीतून शिरतो. पण खरा धोका डास किंवा कृमींपेक्षा रस्त्याचा आहे. मोटारसायकलची टॅक्सी, बोडा-बोडा, बिनाहेल्मेट घेऊ नकोस आणि अंधार पडल्यावर गावाबाहेरचा प्रवास नको. विमा घेताना दुचाकीवरचा अपघात वगळलाय का ते बारीक अक्षरांत वाच. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या घे. जुन्या नोटांना तिथे भाव पाडून मिळतो.

माझं मत विचारशील तर : एप्रिलला जाऊ नकोस. दोन खेडी, चार-पाच जण, जून-जुलै किंवा जानेवारी, यजमानांच्या बोलावण्याने, आणि एका मेकॅनिकच्या हाताखाली, असा दौरा झाला तर जरूर जा. युवक संघाला हे पटलं नाही आणि बाराच्या बारा जण ठरल्या तारखेला निघाले, तर त्यांना हसतमुखाने निरोप दे आणि तुझे ऐंशी हजार तुझ्याकडे राहू दे. ते पुढच्या वर्षीही चालतील.

जाऊन आलीस तर वर्षभरात कधीही ताप आला की डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य 'मी युगांडाला गेले होते' हे असू दे. त्यांनी विचारेपर्यंत थांबू नकोस. आणि ती चार प्रश्नांची चिठ्ठी आजच पाठव. युगांडा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तू ऑफिसातून घरी येऊन जेवून मोबाइल हातात घेशील तेव्हा तिथे नुकतेच सात वाजलेले असतील.